लेन्सची बाहुली

आजोळचा वाडा पाडायचं नक्की झालं तेव्हा मामाचा फोन आला. "दिवाळी झाली की काम काढतोय. तुला फोटो-बिटो काढायचे असतील तर त्याच्या आत येऊन जा." लगेचच्या शनिवारी गेले. चौकात तुळशीवृंदावनाच्या बाजूला ट्रायपॉड उभा केला, त्यावर कॅमेरा चढवला आणि जागच्या जागी गोल फिरवत चारी सोप्यांचे फोटो काढले. एकाला एक जोडून सबंध चौक एकाच लांबलचक चित्रात आणायचा बेत होता. रात्री घरी येऊन ते संगणकावर जोडले आणि पोटात धस्स झालं. पूर्वेच्या सोप्यातला सागवानी खांब कमरेत तुटला होता. त्याच्या शेजारच्या खांबाखाली एकाऐवजी दोन उथळी दिसत होती. देवघराचा उंबरा मध्येच बोटभर वर उचलला गेला होता. कौलांवरून डोकावणारा लांबचा डोंगर मात्र अगदी सलग, त्यात सांधा शोधूनही सापडेना.

जवळचं तुटलं आणि लांबचं जुळलं. सगळ्या प्रकरणाची किल्ली यातच आहे, पण ती हाती यायला मला दोन आठवडे लागले. आधी वाटलं सॉफ्टवेअर कच्चं असेल. दुसरं वापरून पाहिलं, खांब तुटलेलेच. मग वाटलं ट्रायपॉड हलला असेल. तोही हलला नव्हता. चूक निघाली ती ट्रायपॉड आणि कॅमेरा यांच्यामधल्या वीतभर जागेत, म्हणजे हेडमध्ये. कॅमेरा फिरत होता, पण चुकीच्या बिंदूभोवती फिरत होता. तो बरोबर बिंदूभोवती कसा फिरवायचा, एवढंच इथे सांगायचं आहे. एकदा घरात बसून जुळवलं की पुढे वर्षानुवर्षं पुरतं, म्हणून ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

मान वळते तेव्हा डोळा जागा सोडतो

खिडकीसमोर उभं राहा. एक डोळा मिटा. अंगठा चेहऱ्यासमोर वीतभर अंतरावर उभा धरा आणि बाहेरच्या एखाद्या उभ्या वस्तूशी, समजा विजेच्या खांबाशी, जुळवा. अंगठ्याने खांब झाकला गेला पाहिजे. आता अंगठा जराही न हलवता मान हळूहळू डावीकडून उजवीकडे वळवा. खांब अंगठ्याच्या आडून बाहेर येईल. पुन्हा जुळवा आणि या वेळी मान ताठ ठेवून नुसतं बुबुळ फिरवा. खांब अंगठ्याआडच राहील.

मान वळते ती मणक्याभोवती, आणि डोळा मणक्याच्या बराच पुढे बसलेला आहे. त्यामुळे मान वळली की डोळा एका कमानीवरून सरकतो, पाहण्याची जागाच बदलते आणि जवळची वस्तू लांबच्या वस्तूपुढे हललेली दिसते. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. खगोलशास्त्रात तो मोठ्या उपयोगाचा. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचा तारा मागच्या ताऱ्यांपुढे किंचित सरकतो. ते सरकणं मोजून फ्रीडरिश बेसेल यांनी १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचं अंतर काढलं. पॅनोरमात, म्हणजे असे फोटो जोडून केलेल्या लांबलचक चित्रात, मात्र हाच पॅरॅलॅक्स शून्यावर आणावा लागतो, कारण शेजारशेजारचे दोन फोटो दोन वेगळ्या जागांवरून घेतलेले असतील तर जवळचं आणि लांबचं एकाच वेळी जुळवणं कुठल्याही सॉफ्टवेअरला शक्य नाही. ते लांबचं जुळवतं आणि जवळचं तोडतं, नाहीतर उलट.

ट्रायपॉडचा स्क्रू कॅमेऱ्याच्या तळाला बसतो आणि लेन्स असते त्याच्या पुढे. म्हणजे साध्या हेडवर कॅमेरा फिरवणं हे मान वळवण्यासारखं झालं. आपल्याला हवं आहे बुबुळ फिरवणं.

मग कॅमेऱ्याचं बुबुळ कुठे? लेन्समध्ये समोरून डोकावून पाहा. काचांच्या आत खोलवर एक गोल भोक दिसतं, डोळ्यातल्या बाहुलीसारखं. उजेड आत सोडणाऱ्या छिद्राची (अ‍ॅपर्चरची) पाती प्रत्यक्षात कुठेही असोत, पुढच्या काचांमधून पाहताना ती *जिथे असल्यासारखी दिसतात*, ती जागा म्हणजे लेन्सची बाहुली. शास्त्रात तिला एन्ट्रन्स प्यूपिल म्हणतात. फोटोग्राफर मंडळींच्या बोलण्यात 'नोडल पॉइंट' हा शब्द रुळलेला आहे. प्रकाशशास्त्रातला नोडल पॉइंट ही खरं तर निराळी गोष्ट, पण दुकानात गेलात तर हाच शब्द ऐकू येईल, म्हणून तो माहीत असलेला बरा. मी इथे बाहुलीच म्हणेन, कारण कॅमेरा तिच्याभोवती फिरला की जवळचं आणि लांबचं एकमेकांना सोडत नाही.

वाइड लेन्समध्ये ही बाहुली बहुतेक वेळा पुढच्या काचेच्या जवळ असते. टेलिफोटोमध्ये ती खूप मागे जाते, काही लेन्सांत तर कॅमेऱ्याच्याही मागे. झूम फिरवला की ती जागा बदलते. छिद्र लहानमोठं केल्याने बदलत नाही. फोकस अगदी जवळ आणला तर थोडीशी सरकते. म्हणून पॅनोरमासाठी झूमचं एकच टोक ठरवून घ्यावं. मी १८-५५ लेन्सचं १८ मिमी हे टोक ठरवलं आहे. टोकाला झूमची रिंग आपोआप अडते, त्यामुळे चुकून इकडेतिकडे व्हायची भीती कमी.

आता आकडे, कारण त्यांनीच माझे डोळे उघडले. माझा सेन्सर एपीएस-सी आकाराचा (साधारण २४ बाय १६ मिमी), २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा. समजा १८ मिमीला लेन्सची बाहुली फिरण्याच्या आसापासून ९ सेंमी पुढे आहे. कॅमेरा ३० अंश फिरवला की बाहुली साधारण ४.७ सेंमी सरकते. एक मीटरवर खांब असेल तर तो मागच्या डोंगराच्या तुलनेत दोनशेहून जास्त पिक्सेल हलतो. तोच खांब दहा मीटरवर असेल तर वीसेक पिक्सेल, शंभर मीटरवर दोन. आणि दोन किलोमीटरवरच्या डोंगराचं हलणं एका पिक्सेलच्या दहाव्या हिश्श्याएवढं. माझ्या चौकात काय झालं, ते या आकड्यांत पुरतं उतरलं आहे.

यातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. एखाद्या सुळक्यावर उभं राहून नुसती लांबची डोंगररांग टिपायची असेल, पायाजवळचं काहीच चित्रात येणार नसेल, तर खास हेड लागत नाही. हातात कॅमेरा धरून, अंगाभोवती न फिरवता लेन्सभोवती फिरवण्याचं भान ठेवून काढलेले फोटोही उत्तम जुळतात. हेड लागतं ते वाड्यात, देवळाच्या सभामंडपात, खोलीत, गल्लीत, झाडाखाली. जिथे जवळचं आणि लांबचं एकत्र येतं, तिथे.

पॅनोरमा हा शब्दही मूळचा छायाचित्रणाचा नव्हे. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ मध्ये एडिंबरोत गोलाकार चित्राचं पेटंट घेतलं आणि पुढे लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी खास गोल इमारत उभारली. प्रेक्षकांनी मधल्या चौथऱ्यावर उभं राहूनच ते चित्र पाहायचं. मध्यापासून दूर गेलं की देखाव्याचा मेळ बिघडतो. आपण तोच मध्यबिंदू कॅमेऱ्याला शोधून देतो आहोत.

हेडमध्ये असतं काय

एका ओळीच्या पॅनोरमासाठी तीन भाग पुरतात. सगळ्यात खाली रोटेटर, म्हणजे अंशांच्या खुणा असलेली फिरती तबकडी. चांगल्या रोटेटरला ठरावीक अंशांवर टक् टक् असे थांबे असतात, त्यामुळे अंधारातही नुसत्या हाताने मोजता येतं. त्यावर आडवी रेल, मिमीच्या खुणांची, जिच्यावरून कॅमेरा पुढेमागे सरकतो. आणि कॅमेऱ्याला एल आकाराची प्लेट, ज्यामुळे कॅमेरा उभा, म्हणजे पोर्ट्रेट स्थितीत बसतो.

कॅमेरा उभाच का? उभ्या फोटोत वरखाली जास्त मावतं आणि रुंदी काय, आपण फिरवून मिळवणारच असतो. मग साध्या बॉल हेडवर, म्हणजे गोळ्यावर कुठल्याही दिशेला झुकणाऱ्या हेडवर, कॅमेरा बाजूला पाडून उभा का करू नये? कारण तसं केल्यावर लेन्स आसाच्या डोक्यावरून बाजूला लटकते आणि बाहुली आणखी एका दिशेने भरकटते. एल प्लेट लेन्सला आसाच्या बरोबर वर ठेवते.

छत आणि जमीन यांच्यासकट सगळा गोल टिपायचा असेल तर याला आणखी एक उभा बाहू लागतो, ज्यावर कॅमेरा वरखालीही झुकतो. मॅनफ्रोटो, नोव्होफ्लेक्स, नोडल निंजा अशा नावांची तयार हेडं मिळतात. सुरुवातीला ती घ्यायलाच हवीत असं अजिबात नाही. माझं पहिलं हेड आमच्या जवळच्या फॅब्रिकेशनवाल्या दादांनी अ‍ॅल्युमिनियमच्या एल अँगलला भोकं पाडून दिलं. कॅमेऱ्याच्या तळाला पाव इंची स्क्रू लागतो आणि बहुतेक ट्रायपॉडच्या माथ्यावर ३/८ इंची बोल्ट असतो, एवढं त्यांना सांगितलं की पुरे. मी त्यांना भोकाऐवजी लांब खाच पाडायला सांगितली, म्हणजे कॅमेरा पुढेमागे सरकवता येईल. ती खाच पाडून झाल्यावर दादांनी तिच्या कडा कानशीने घासून दिल्या आणि विचारलं, "नक्की कशाला?" मी अंगठ्याचा प्रयोग करून दाखवला. त्यांनी एक डोळा मिटून समोरच्या शटरकडे बघत मान वळवली आणि म्हणाले, "म्हणजे सेंटर काढायचंय." लेथवर काम करणाऱ्या माणसाला हे सांगायला एवढंच पुरतं.

विकत घेणार असाल तर क्लॅम्प, रेल आणि प्लेट सगळं आर्का-स्विस पद्धतीचं घ्या, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणी घेतलेले भागही सहसा एकमेकांत बसतात.

खिडकीच्या गजापाशी

जुळवायच्या गोष्टी तीन. लेन्सचा मध्य डावी-उजवीकडून आसावर यायला हवा. बाहुली पुढे-मागे करून आसावर यायला हवी. आणि आस स्वतः ओळंब्यात, म्हणजे अगदी उभा हवा. पहिल्या दोन घरी एकदाच करायच्या, तिसरी प्रत्येक ठिकाणी नव्याने.

डावी-उजवी आधी. हेडला झुकणारा बाहू असेल तर कॅमेरा सरळ खाली, रोटेटरकडे बघेल असा वळवा आणि स्क्रीनवर जाळीच्या रेषा लावा. रोटेटरच्या मधला बोल्ट फोटोच्या बरोबर मधोमध दिसला पाहिजे आणि हेड गोल फिरवलं तरी तिथेच राहिला पाहिजे. साधी एक रेल असेल तर लेन्सच्या झाकणावर मधोमध खडूने खूण करा, समोरून ओळंब्याचा दोरा सोडा, आणि खूण आणि रेलची मधली रेषा दोन्ही दोऱ्याआड जातील इतकी एल प्लेट सरकवा. दहा मिनिटांचं काम.

खरा वेळ लागतो तो पुढे-मागेला, आणि तो द्यावा. आमच्या खोलीच्या खिडकीला उभे गज आहेत आणि समोर रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीचा उभा पाइप दिसतो. गज जवळचा, पाइप लांबचा. तुमच्याकडे गज नसतील तर दाराच्या चौकटीला ओळंबा टांगा; जवळची वस्तू बारीक आणि उभी असली की झालं. कॅमेरा गजापासून साधारण मीटरभर मागे ठेवा. जवळ ठेवाल तितकी चूक मोठी दिसेल, पण फार जवळ गेलात तर फोकसच बदलावा लागेल. छिद्र एफ/११, म्हणजे गज आणि पाइप दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट. फोकस मॅन्युअल. स्क्रीनवर लाइव्ह व्ह्यू चालू करून चित्र मोठं करून पाहा.

आधी कॅमेरा असा वळवा की गज आणि पाइप फोटोच्या उजव्या कडेजवळ येतील. दोघांमध्ये किती फट दिसते ती लक्षात ठेवा. मी तर फोटोच काढून ठेवते. आता रोटेटरवर कॅमेरा उजवीकडे फिरवा, म्हणजे तेच दोघं फोटोच्या डाव्या कडेला येतील. फट तेवढीच राहिली तर काम झालं. पहिल्या झटक्यात ती राहत नाही.

आता नियम. कॅमेरा उजवीकडे फिरवल्यावर गज पाइपच्या तुलनेत डावीकडे सरकला, तर बाहुली आसाच्या पुढे आहे, कॅमेरा मागे घ्या. गज उजवीकडे सरकला, तर बाहुली आसाच्या मागे आहे, कॅमेरा पुढे घ्या. थोडक्यात, गज उलट पळाला तर मागे, सोबत आला तर पुढे. हे पाठ करायची गरज नाही, कारण उजवीकडे वळताना आसाच्या पुढे असलेली बाहुली स्वतःच उजवीकडे जाते, आणि आपण उजवीकडे गेलो की जवळचं झाड डावीकडे जातं, हे एसटीच्या खिडकीतून आपण लहानपणापासून पाहिलेलं आहे.

एक-एक सेंमीने सरकवत जा. कधीतरी गजाच्या पळण्याची दिशा उलटेल. मग त्या दोन जागांच्या मध्ये या, आणि पुन्हा मध्ये. शेवटी दोन मिमीपर्यंत पोचलात की थांबा. दोन मिमीची चूक राहिली तर मीटरभरावरचा खांब जेमतेम पाच पिक्सेल हलतो, आणि एवढं जोडणारं सॉफ्टवेअर सहज पोटात घालतं. त्याहून बारकाईच्या मागे लागून संध्याकाळ घालवू नये.

रेलवर जो आकडा येईल तो लगेच लिहून ठेवा. मी रेलवरच पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर '१८' लिहिलं आहे आणि पट्टीची कड हीच खूण. आता कुठेही गेलं तरी कॅमेरा पट्टीच्या कडेला आणून नॉब आवळला की बाहुली आसावर. दुसरी लेन्स घेतली तर दुसरी पट्टी.

आस वाकला की क्षितिज लाटा मारतं

हे मला हरिश्चंद्रगडावर कळलं. कोकणकडा नालेच्या आकारात आत वळलेला, पश्चिमेकडे तोंड केलेला. त्याच्या काठापासून चांगलं मागे, कातळावर ट्रायपॉड लावला होता. पायाजवळचा काळा कातळ, कड्याची सबंध कमान आणि खाली कोकणातली गावं, असं जवळ-लांब सगळं एकाच चित्रात हवं होतं. चिकटपट्टीची खूण बरोबर होती. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरची पाणसळीची आडवी रेघही हिरवी दाखवत होती. तरीही जोडल्यावर क्षितिज डावीकडे चढत गेलं आणि उजवीकडे उतरलं.

चूक अशी झाली होती: कातळ उतरता, त्यामुळे ट्रायपॉड थोडा कललेला. मी वरचा बॉल सैल करून कॅमेरा सरळ केला आणि मग बॉलच्या *खालच्या* तबकडीवर फिरवला. कॅमेरा सरळ होता, पण फक्त त्या एका दिशेला. फिरण्याचा आस कललेलाच होता, त्यामुळे फिरता फिरता कॅमेराही कलत गेला. आस दोन अंश कललेला असेल तर क्षितिज एका बाजूला दोन अंश वर आणि समोरच्या बाजूला दोन अंश खाली जातं. सॉफ्टवेअर ते सरळ करतं, पण वरून आणि खालून चित्र कापावं लागतं.

यावर उपाय दोन. ट्रायपॉड आणि रोटेटर यांच्यामध्ये लेव्हलिंग बेस बसवायचा, जो थोडासा झुकवून रोटेटर सपाट करता येतो. नाहीतर बॉल हेडच्या *वर* फिरणारा क्लॅम्प बसवायचा, म्हणजे बॉलने क्लॅम्प सपाट करता येतो आणि फिरणं सगळं त्याच्या वर होतं. दोन्हींत तत्त्व एकच, सपाट करणारा भाग खाली आणि फिरणारा वर. पाणसळही म्हणून रोटेटरवरची पाहावी, कॅमेऱ्यावरची नव्हे. बुडबुडा मधोमध आणला की हेड अर्धं फिरवा. बुडबुडा तिथेच राहिला तर आस उभा. गवंडीसुद्धा पाणसळ उलटी फिरवून पुन्हा बघतो, ती याचसाठी.

कॅमेरा थोडा खाली झुकवून दरी जास्त घेता येईल का? येईल, पण नुसता बॉल वाकवून नव्हे. कॅमेरा वाकलेला चालतो, आस वाकलेला चालत नाही. आणि कॅमेरा वाकवताना बाहुली आसावरून हलता कामा नये, त्यासाठी तो उभा बाहू हवा, ज्याची झुकण्याची खीळही बाहुलीच्या रेषेतच असते. एकच रेल असेल तर कॅमेरा सरळ ठेवा आणि वाइड लेन्सवर भागवा.

किती फोटो, कोणते आकडे

एपीएस-सी सेन्सरवर १८ मिमीची लेन्स उभी धरली की एका फोटोत आडवे सुमारे ४७ अंश मावतात. शेजारच्या फोटोंनी एकमेकांवर साधारण तिसरा हिस्सा तरी चढलं पाहिजे, कारण त्या चढलेल्या भागातूनच सॉफ्टवेअर समान खुणा शोधतं. ३० अंशांवर एक, असे १२ फोटो घेतले की गोल पुरा होतो आणि तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्तच चढतं. फुल फ्रेमवर, म्हणजे ३६ बाय २४ मिमीच्या सेन्सरवर, २४ मिमीची लेन्स असेल तर ३६ अंशांवर १०. ५० मिमीला १८ अंशांवर २०, पण मग चित्र अवाढव्य होतं आणि वेळही लागतो.

आकडे सगळे मॅन्युअल. एक्स्पोजर उजेडाच्या बाजूला मोजून तेच सगळीकडे ठेवा, नाहीतर सावलीकडचा फोटो आपोआप उजळेल आणि आकाशात पट्टे पडतील. व्हाइट बॅलन्स एकच. फोकस एकच: १८ मिमी आणि एफ/८ ला दोन मीटरवर फोकस लावला की साधारण एक मीटरपासून थेट डोंगरापर्यंत स्पष्ट येतं. स्टॅबिलायझेशन बंद. पोलरायझर फिल्टर काढून ठेवा, त्याने आकाशाचा एक भाग गडद आणि दुसरा फिका होतो आणि जोडल्यावर डाग दिसतो. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. दोन सेकंदांचा टायमर लावा. ढग पळत असतील तर मात्र टायमर न लावता झपाझप फिरवा, बाराही फोटो मिनिटाच्या आत झाले पाहिजेत. सुरुवातीला आणि शेवटी स्वतःच्या तळहाताचा एक फोटो काढून ठेवा; घरी आल्यावर कुठून कुठपर्यंत एक चक्कर होती ते शोधावं लागत नाही.

जोडायला हगिन हे सॉफ्टवेअर फुकट आणि खुलं आहे. हेल्मुट डेर्श या जर्मन प्राध्यापकांनी १९९८ मध्ये पॅनोरमा टूल्स लिहिलं, त्याच्याच पायावर ते उभं आहे. पीटीगुई विकत मिळतं. दोन्हींत जोडलेल्या खुणा किती पिक्सेलने चुकतात तो आकडा दिसतो. हेड बरोबर जुळलं असेल तर ही चूक एक-दोन पिक्सेलवर येते. जवळच्या वस्तूंवर ती दहा-वीस दिसत असेल, तर सॉफ्टवेअरशी झटापट न करता पुन्हा खिडकीच्या गजापाशी जा.

पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या स्मारकांत ट्रायपॉड लावायला आधी परवानगी लागते. तिथे मी ट्रायपॉड नेत नाही, ओळंबा नेते. बाहुली लेन्सवर जिथे येते तिथे एक रबरबँड लावायचा, त्याला दोरा बांधायचा आणि टोकाला लहानसं वजन. वजन जमिनीपासून बोटभर वर. खाली फरशीवर एक नाणं ठेवायचं आणि प्रत्येक फोटोला वजन नाण्यावरच आहे ना, एवढं पाहत स्वतः त्याच्याभोवती फिरायचं. दोन-तीन सेंमी इकडेतिकडे होतंच, त्यामुळे मीटरभरावरच्या खांबाला ते पुरणार नाही. पण चार-पाच मीटरवर खांब असलेल्या सभामंडपात या दोऱ्याने मला बरीच चांगली चित्रं दिली आहेत.

पुन्हा चौकात

दिवाळीच्या चार दिवस आधी परत गेले. सामान हललेलं होतं, पण खांब, तुळया, कडीपाट सगळं जागेवर होतं. या वेळी तुळशीवृंदावन आणि पूर्वेचा सोपा यांच्या मधोमध ट्रायपॉड लावला. फरशी पागोळ्यांच्या बाजूला उतरती, म्हणून एक पाय आखूड केला. पाणसळ पाहिली, अर्धं फिरवून पुन्हा पाहिली. कॅमेरा पट्टीच्या कडेला आणला. तळहात, बारा फोटो, तळहात. दुपारी अडीचला एक चक्कर, आणि साडेचारला ऊन पश्चिमेच्या भिंतीआड गेल्यावर दुसरी, ट्रायपॉड जराही न हलवता.

दुसरी चक्कर वापरली. जोडलेलं चित्र साधारण २९,००० पिक्सेल लांब झालं. इंचाला तीनशे पिक्सेल या घनतेने छापलं तेव्हा आठ फूट लांब आणि दीड फूट उंच भरलं. मामाच्या नव्या घरात ते बैठकीच्या लांब भिंतीवर लावलं आहे. लावलं त्या दिवशी मामी स्टुलावर चढली, पूर्वेच्या सोप्यापासून बोट फिरवत खांब मोजले, आणि देवघरापाशी थांबून उंबऱ्यावर तळहात ठेवला. तिथे तिने दरवर्षी काढलेली लक्ष्मीची पावलं अजून पुसट दिसतात, डावं आणि उजवं, एका रेषेत.